किल्ली कोणाकडे? : ग्रंथपालाच्या पेशाची ओढ आणि वास्तव

गेल्या उन्हाळ्यात, निकालाच्या दिवसांत, आपल्या शाळेचे एक पालक मला भेटावयास आले. एस.टी.च्या आगारात यांत्रिक म्हणून ते नोकरी करतात. त्यांची मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिली आणि नुकतीच कला शाखेची पदवीधर झाली. तिने स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागावे अशी घरच्यांची इच्छा. तिने मात्र ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा प्रवेश अर्ज आणून वडिलांपुढे ठेवला होता. "मॅडम, पुस्तकांवरची धूळ झटकायला आणखी एक पदवी कशाला लागते? तुम्हीच तिला सांगा. ती तुमचं ऐकते," असे ते म्हणाले. त्यांच्या प्रश्नात उपहास नव्हता, काळजी होती. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचते, त्या घराला चुकीच्या वाटेवर घालविण्यासाठी दोन वर्षे शिल्लक नसतात, हे मी स्वतःच्या घरावरून जाणते.

त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तेच उत्तर नीट लिहून काढावे असे ठरविले. आपल्यापैकी अनेक पालकांपुढे हा प्रश्न उद्या येणार आहे, आणि त्याची 'हो' किंवा 'नाही' अशी एका शब्दातील उत्तरे दोन्ही खोटी आहेत.

आधी एक स्वतःची आठवण. मी आठवीत असताना एका वसतिगृहात राहत होते. तिथे ग्रंथालय म्हणून लोखंडी चौकटीचे, काचेच्या दारांचे एक कपाट होते. आम्ही मुली काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचायचो. काही नावे तर मला आजही क्रमाने आठवतात. किल्ली एका कर्मचाऱ्याकडे असे आणि "मुली पुस्तकं खराब करतात" हे त्यांचे ठरलेले उत्तर असे. दोन वर्षांत ते कपाट तपासणीच्या दिवशी तेवढे उघडलेले मी पाहिले. पुस्तके होती, शासनाचा पैसा खर्च झाला होता, दप्तरी नोंद बिनचूक होती. नव्हता तो फक्त ग्रंथपाल. पुढे इतिहासात एम.ए. करताना आपल्या समाजाला विद्येपासून दूर ठेवण्याच्या ज्या अनेक रीती वाचल्या, त्यांत ही बिनबोभाट रीत मला नेहमी आठवत राहिली.

ग्रंथपाल म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एका अशा माणसाचे उदाहरण देते, जो ग्रंथपाल नव्हताच. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा संध्याकाळी एकटाच वाचत बसतो, हे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने पाहिले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके आणून देण्यास सुरुवात केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याच्या हाती ठेवले. तो मुलगा कोण हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेचा इतिहास लिहिताना आपण मोठ्या घटनांपासून आरंभ करतो. परंतु त्या इतिहासाच्या मुळाशी योग्य वयात, योग्य वाचकाच्या हाती पडलेले एक पुस्तकही आहे. बाबासाहेबांनी स्वतः ते ऋण मानले आहे. वाचक ओळखणे, त्याने न मागितलेले पण त्याला हवे असलेले पुस्तक त्याच्यापर्यंत नेणे, आणि मग बाजूला होणे, हे ग्रंथपालाचे खरे काम होय. धूळ झटकणे त्यात येते, जसे फळा पुसणे शिक्षकाच्या कामात येते.

आपल्या धम्मपरंपरेला तर हे काम परके नाहीच. तथागतांची वचने लिहून ठेवली जाण्यापूर्वी काही शतके ती भिक्खूंच्या स्मरणात जपली गेली. कोणी दीघनिकाय धरून ठेवी, कोणी मज्झिमनिकाय. त्यांना दीघभाणक, मज्झिमभाणक म्हणत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ती लेखनबद्ध झाली. 'पिटक' या शब्दाचा अर्थच मुळी टोपली. विनय एका टोपलीत, सुत्त दुसरीत, अभिधम्म तिसरीत. वर्गीकरण म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते? पुढे सातव्या शतकात ह्यूएनत्संग भारतातून परतला तेव्हा त्याने आपल्यासोबत ६५७ ग्रंथ नेले, आणि ते मोजून, वर्गवारी करून नेले, म्हणूनच आज आपल्याला आकडा सांगता येतो. भारतात नष्ट झालेले कित्येक ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून आपल्याला परत मिळाले. ज्यांनी ते सांभाळले त्यांची नावे बहुधा कोठेच नाहीत.

आधुनिक काळात मात्र एक वर्ष मला फार लक्षणीय वाटते : १९२४. त्या वर्षाच्या आरंभी मद्रास विद्यापीठाने गणिताचे एक तरुण अध्यापक शि. रा. रंगनाथन यांना आपले ग्रंथपाल नेमले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांची जयंती १२ ऑगस्टला 'ग्रंथपाल दिन' म्हणून साजरी होते, ते हेच. पण ते या पेशात कोणत्या ध्येयाने आले? अध्यापकाच्या पगारात भागत नव्हते आणि ग्रंथपालाचा पगार बरा होता, म्हणून. आल्यावर त्या ओस इमारतीत त्यांना इतका कंटाळा आला की ते आपल्या महाविद्यालयात परत घ्या म्हणून सांगायला गेले. आधी इंग्लंडला जाऊन ये, मग ठरव, असा सल्ला मिळाला. लंडनमध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले, अनेक ग्रंथालये पाहिली, कामगारवस्तीतील माणसे आणि मुले ग्रंथालयात येऊन बसताना पाहिली, आणि ते बदलून परतले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांचा गाभा असा की पुस्तक राखण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, प्रत्येक वाचकाचा त्यावर हक्क असतो, आणि वाचकाचा वेळ वाया घालविण्याचा अधिकार ग्रंथालयाला नाही. माझ्या वसतिगृहातील काचेचे कपाट यांतील एकाही कसोटीला उतरले नसते.

त्याच १९२४ च्या २० जुलैला मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांद्वारे शिक्षणप्रसार होता आणि त्याला लागूनच वाचनालये, अभ्यासमंडळे काढण्याचेही उद्दिष्ट होते. पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. मद्रासचा तो गणिती आणि मुंबईचा हा बॅरिस्टर यांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण एकाला जे लंडनच्या ग्रंथालयांत उमगले ते दुसऱ्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनच्या वाचनकक्षांत स्वतः भोगून ओळखले होते : जेथे कोणी जात विचारीत नाही, पुस्तक मागितले की पुस्तक मिळते, अशी जागा माणसाला उभे करते. वसतिगृह आणि वाचनालय ही जोडी आपल्या चळवळीत पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे दादरला 'राजगृह' बांधताना ग्रंथसंग्रहाचा विचार आधी झाला, आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा तेथील ग्रंथालयाकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष असे. त्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे हे बाबासाहेबांच्या निकटच्या माणसांत गणले जात, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते.

हे झाले आकर्षणाचे. आता पेशाच्या आतल्या एका भागाविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण मला स्वतःला त्याचे महत्त्व फार उशिरा कळले. तो भाग म्हणजे वर्गीकरण.

आपल्याकडील बहुतेक ग्रंथालये मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीने पुस्तके लावतात. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, त्यांत धर्माला २०० चा वर्ग. या वर्गातील २२० पासून २८० पर्यंतची सारी जागा ख्रिस्ती धर्माला दिलेली आहे, आणि जगातील उरलेले धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसविले आहेत. बौद्ध धम्माचा वर्गांक २९४.३. दशांश चिन्हाच्या पुढे! हाच ड्युई १८८७ साली कोलंबियात ग्रंथपालांसाठी पहिले विद्यालय काढतो, विश्वस्तांचा विरोध असताना त्यात स्त्रियांना प्रवेश देतो. आणि हाच ड्युई आपल्या लेक प्लॅसिड येथील क्लबात ज्यू व कृष्णवर्णीयांना मज्जाव करतो. त्यावरून तक्रार होऊन १९०५ साली त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून पायउतार व्हावे लागले; २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. ग्रंथालय ही आपोआप निर्मळ असणारी जागा नव्हे, एवढेच यातून घ्यावे.

आणि हे अमेरिकेपुरते नाही. बाबासाहेबांचे 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे १९३६ चे भाषण कोणत्या फळीवर ठेवाल? एका ग्रंथालयात मी ते २९४.५ खाली, म्हणजे हिंदू धर्माच्या ग्रंथांत, भाष्ये आणि स्तोत्रांच्या शेजारी पाहिले. दुसरीकडे ते समाजशास्त्रात होते. तिसरीकडे 'मागासवर्गीयांसाठी' अशी पाटी लावलेल्या वेगळ्या कपाटात होते, जणू सवर्ण विद्यार्थ्याला त्याची गरजच नाही. तिन्ही ठिकाणी पुस्तक तेच, परंतु ते कोणाच्या हाती लागणार हे फळीने ठरविले. ती फळी ठरविणारा माणूस कोण आहे, त्याने ते पुस्तक वाचले आहे काय, हा प्रश्न आपल्या समाजासाठी गौण नाही. आपण लेखक घडविले, कवी घडविले, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी पिशव्या भरभरून पुस्तके विकत घेणारा वाचक घडविला. ग्रंथपाल मात्र फारच थोडे घडविले.

परंतु 'समाजाला गरज आहे' म्हणून कोणाच्या मुलीने दहा वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावीत, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. म्हणून आता त्या पालकांच्या प्रश्नाची दुसरी बाजू.

या पेशाच्या दोन दुनिया आहेत आणि त्यांच्यात फार मोठी दरी आहे. पहिली दुनिया महाविद्यालये, विद्यापीठे व केंद्रीय संस्थांची. त्यांतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. सेट ही महाराष्ट्र व गोव्यासाठी पुण्याचे विद्यापीठ घेते. महाविद्यालयीन ग्रंथपालाला सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाइतकेच, म्हणजे आरंभी ५७,७०० रुपये मूळ वेतन असते. केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपालाला ४४,९०० रुपयांपासून सुरुवात होते. ही पदे सन्मानाची आणि स्थैर्याची आहेत, यात शंका नाही. अडचण ही की ती थोडी आहेत. अनुदानित महाविद्यालयांत एक ग्रंथपाल निवृत्त झाला की ती खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहते, आणि एखाद्या प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून किल्ल्या दिल्या जातात.

आपल्या मुलांच्या दृष्टीने यात आणखी एक खाच आहे, तिची वाच्यता प्रवेशाच्या वेळी कोणी करीत नाही. महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद एकच असते. संवर्गात एकच पद असेल तर त्याला आरक्षण लागू करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा १९९८ सालचा निर्णय आहे. अनेक महाविद्यालये चालविणाऱ्या संस्थेत पदे एकत्र मोजली गेली तर चित्र बदलते. एरवी जाहिरातीत 'एकाकी पद' एवढेच छापलेले असते आणि स्पर्धा खुली असते. हे कळल्यावर मागे फिरावे असे नाही. राखीव जागेच्या भरवशावर नव्हे तर खुल्या स्पर्धेची तयारी करून उतरावे लागेल, हे घरात आधी माहीत असावे, इतकेच.

दुसरी दुनिया सार्वजनिक वाचनालयांची. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे आपल्या राज्यात गावोगाव वाचनालये उभी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत आणि त्याप्रमाणे शासनाचे अनुदान मिळते. कायदा चांगला आहे. पण वाचनालय चालविते ती स्थानिक संस्था, आणि तेथील ग्रंथपाल शासनाचा कर्मचारी नसतो. त्याला वेतनश्रेणी नाही. व्यंकप्पा पत्की आणि प्रभा राव यांच्या समित्या होऊन गेल्या, त्यांच्या शिफारशींचा उल्लेख प्रत्येक निवेदनात असतो, आणि निवेदने चालूच आहेत. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. परंतु मूळ रक्कमच एवढी लहान की ड वर्गाच्या वाचनालयाचे अनुदान आजही वर्षाला हजारांतच मोजावे लागते, आणि त्यातच वर्तमानपत्रे, वीज, पुस्तके व माणसाचा पगार.

आपली एक माजी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी अशाच एका वाचनालयात आहे. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. अनुदानाचा हप्ता आला की पगार, नाही आला तर थांबायचे. दुपारी ती शिवणकाम करते. तिच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी तीस-पस्तीस मुले बसतात. त्यांच्यापैकी जी लागली त्यांचा पहिला पगार तिच्या सहा महिन्यांच्या मिळकतीहून अधिक होता, हे तिनेच मला हसत सांगितले. मी तिला विचारले, "सोडावंसं वाटत नाही का?" ती म्हणाली, "बाई, रोज वाटतं. पण मी सोडलं तर संध्याकाळी कुलूप लागेल." या उत्तराचे कौतुक करून मोकळे होणे मला जमत नाही. तिच्या त्यागावर वाचनालय चालावे ही व्यवस्था चुकीची आहे आणि आपण तिचे गोडवे गाऊ नयेत.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. 'मला वाचनाची आवड आहे म्हणून मला ग्रंथपाल व्हायचे आहे' असे अनेक मुले म्हणतात. आपला एक विद्यार्थी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्याचा दिवस नियतकालिकांच्या वर्गण्या, निविदा, देयके, लेखापरीक्षण, मूल्यांकन समितीचे तक्ते आणि संगणकप्रणालीतील बिघाड यांत जातो. 'कामावर असताना मी पुस्तक उघडतो ते शिक्का मारण्यासाठी', असे तो म्हणाला. या पेशाला वाचनाच्या आवडीइतकीच नीटनेटकेपणाची, हिशेबाची, आणि दहाव्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या माणसावर न चिडण्याची गरज असते. कोहा, सोल, ई-ग्रंथालय या प्रणाली यायलाच हव्यात. त्यांतील कोहा मुक्त असल्याने घरच्या संगणकावरही शिकता येते. 'आता सगळे मोबाईलवर मिळते, ग्रंथपाल कशाला?' असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी निम्मी वाक्ये त्यांची आहेत की नाहीत हे पडताळून देणारा कोणी तरी लागतोच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आणि वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, ते याच पडताळणीसाठी. खंड आणि पान सांगता येणे ही आज दुर्मीळ विद्या झाली आहे.

मग त्या पालकांना मी काय सांगितले? पदवी एक वर्षाची, तिच्यापुढची पदव्युत्तर आणखी एक वर्षाची. केवळ पदवीवर थांबायचे असेल तर प्रवेश घेऊ नये. त्या पदवीने बहुधा अर्धवेळ कामच मिळते. पदव्युत्तर आणि सेट-नेटपर्यंत जायची तयारी असेल, आणि घर तीन-चार वर्षे थांबू शकत असेल, तर अवश्य घ्यावा. घर थांबू शकत नसेल तर आधी मिळेल ती नोकरी धरावी आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून हे शिक्षण घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. प्रवेशापूर्वी पंधरा दिवस एखाद्या ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसून पाहावे. त्यांच्या मुलीने हे पंधरा दिवस आपल्याच शाळेत काढले. चौथ्या दिवशी तिने मला दाखवून दिले की दाखल नोंदवहीत एकाच पुस्तकाला दोन क्रमांक आहेत आणि दोन पुस्तकांना एकच. अकरा वर्षे तो कार्यभार माझ्याकडे आहे! वडिलांनी अर्जावर सही केली; सेटलाही बसायचे, ही अट मात्र घातली. आता तिची पदवी झाली असून ती पदव्युत्तर वर्गात आहे.

ती अजूनही महिन्यातून दोन रविवार येते. आपल्या ग्रंथालयातील चार हजार तीनशे पुस्तकांपैकी सतराशेंची नोंद संगणकावर झाली आहे. पाली व बौद्ध वाङ्मयाची दोन कपाटे आणि दान म्हणून आलेली, अद्याप न उघडलेली नऊ खोकी बाकी आहेत. शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मंजूर नाही. माजी विद्यार्थी संघाच्या येत्या सभेत त्या पदाच्या मानधनाचा विषय मी मांडणार आहे, आणि मानधन ठरेल ते शिपायाच्या पगाराहून कमी नसावे एवढा माझा आग्रह राहील. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले आहे त्यांनी सभेपूर्वी मला भेटावे. रविवारी सकाळी दहापासून ग्रंथालय उघडे असते.